फायबरला टाके

मंगल पडली ती टोमॅटोमुळं.

नारायणगावच्या मार्केटला निघालेल्या कुठल्याशा पिकअपमधून दोन क्रेट रस्त्यात सांडले होते. मागच्या गाड्यांनी त्यांचा पार राडा केला होता. खोडदबाहेरच्या वळणावर मंगलची स्कूटी त्या राड्यात शिरली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवी झाली. भर दुपार होती. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं, साडीभर टोमॅटोच्या बिया चिकटल्या. पण शिवून तयार केलेले सात ब्लाउज कोरडेच्या कोरडे राहिले, कारण पडता पडताही तिने पिशवी वर धरली होती.

तिने गाडी उभी केली. किक मारल्यावर गाडी चालूही झाली. फक्त गाडीचं तोंड फुटलं होतं. दिव्याखालून निघालेली चीर वाकडीतिकडी होत पाय ठेवायच्या जागेपर्यंत उतरली होती आणि पुढच्या प्लास्टिकचा एक तुकडा स्क्रूला लोंबकळत होता. तो खडखडणारा तुकडा घेऊन मंगल माघारी गावात शिरली तेव्हा पारावर तिचा मोठा दीर रखमाजी चार माणसांत बसला होता.

"सांगितलं व्हतं का न्हाई?" तो म्हणाला.

मंगलच्या गुडघ्यातून रक्त ओघळत होतं. ते त्याने पाहिलं, पण एका शब्दाने विचारलं नाही. सगळे गाडीच्या फुटक्या तोंडाकडे बघत होते.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मंगल माहेरची पेठची. लग्नाआधी तिने मंचरला शिवणकामाचा कोर्स केला होता आणि खोडदला नांदायला येताना बापाकडून भांडी न मागता मशीन मागून आणलं होतं. नवरा कुंडलिक गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात माळीकाम करायचा. दिवसभर त्या अवाढव्य अँटेनांच्या सावलीत झाडांना पाणी घालणारा, सरळ, कमी बोलणारा माणूस. घरात बोलायचं काम रखमाजीकडे होतं. त्याची जीप होती. खोडद ते नारायणगाव तो वडाप करायचा, जीप माणसांनी खच्चून भरल्याशिवाय हलवायचा नाही.

मंगलचा हात चांगला होता. आसपासच्या पाच-सहा गावांतल्या बायका तिच्याकडूनच ब्लाउज शिवून घ्यायच्या. पण त्यांना खोडदला यायला जमायचं नाही, म्हणून मापं घ्यायला, अस्तर आणायला, तयार कपडे पोचवायला मंगललाच फिरावं लागे. फिरायचं म्हणजे दिराच्या जीपमधून. रखमाजी तिला कधी पुढं बसवायचा, कधी मागच्या फळीवर, कधी भाड्याची माणसं जास्त झाली म्हणून उतरवून ठेवायचा. "घरचंच माणूस हाय, मागनं येईल," म्हणायचा. मागनं म्हणजे दोन तासांनी. अशा उन्हात उभ्या काढलेल्या दोन-दोन तासांना कंटाळूनच तिने शाळेच्या गणवेशांचं मोठं काम घेतलं आणि नारायणगावच्या एका शिक्षिकेची जुनी, मोरपंखी रंगाची स्कूटी विकत आणली. कुंडलिकने तिला कालव्याच्या रस्त्यावर धरून धरून शिकवलं. लायसनही काढलं.

गाडी दारात आली त्या दिवशी रखमाजी म्हणाला होता, "पडंल एक दिवस. मग कळंल."

आणि ती पडली. आता तो फुटका तुकडा दारात लावलेल्या पाटीसारखा झाला. येणारा-जाणारा वाचून जायचा. "लागलं का गं?" असं विचारणारी माणसं कमी, आणि "मग, आता इकणार का?" असं विचारणारी जास्त.

गुडघ्याची खपली धरली तशी मंगल ती गाडी घेऊन मंचरला भगवंतच्या गॅरेजवर गेली. भगवंत जुना मेकॅनिक, हाताला गुण असलेला. तिच्या गाडीचं इंजिनाचं काम तोच करायचा.

"ह्याला टाके घालता येतील का, भगवंतभाऊ?"

भगवंतने हातातला पाना खाली ठेवला आणि मनापासून हसला. "वहिनी, हे फायबर हाय. झंपर न्हाई." गाडीच्या प्लास्टिकला गॅरेजवाले सगळे फायबरच म्हणत. "फुटलं की टाकायचं. पुण्यावरनं नवीन पॅनल मागवावं लागंल. ह्या रंगाचं आता मिळायचं न्हाई, काळं नायतर लाल घ्या. आन् मी काय म्हणतो, दर दोन महिन्याला पॅनल बदलत बसण्यापेक्षा कुंडलिकला द्या की चालवाया."

"त्यांना सायकल बरी वाटती," मंगल म्हणाली. "आन् टाके का घालता येत न्हाईत, ते सांगा."

"न्हाईत येत म्हंजे न्हाईत येत."

हे काही उत्तर नव्हतं. उत्तर न देता हसणारी माणसं मंगलला अजिबात खपत नसत. ती तशीच खडखडत घरी आली, अंगणात पोतं अंथरलं आणि स्क्रू काढून अख्खं पॅनल मांडीवर घेतलं.

पहिल्यांदा तिने चिकटवायची ट्यूब आणून सगळे तुकडे जोडले. दिसायला बरं दिसलं. दुसऱ्या दिवशी गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकावर गाडी आपटली आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. रखमाजीच्या जीपमधली माणसं खिदळली.

मग तिने कापडाचा विचार केला. फाटलेलं कापड चिकटवत नाहीत, शिवतात. बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारीच्या वायंडिंगमधली तांब्याची तार तिने सोडवून घेतली, दाभण चुलीत लाल केलं आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडत गेली. तार आतून बाहेर, बाहेरून आत, ताणून पीळ. अगदी गोधडीला घालावेत तसे टाके. टाके टिकले, पण चीर थांबेना. चार दिवसांनी बघावं तर शेवटच्या टाक्याच्या पुढं बोटभर सरकलेली.

मंगल त्या चिरेकडे बघत बसली. ब्लाउजला काज करताना टोकाला आडवा टाका घ्यावा लागतो, नाहीतर बटण ओढून ओढून काज फाटत जातं, हे तिला शिवणाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. तिने दाभण पुन्हा तापवलं आणि चीर जिथे संपत होती तिथे, बरोब्बर टोकावर, एक गोल भोक पाडलं. चीर त्या भोकापाशी आली आणि थांबली. पुन्हा कधी पुढं गेली नाही.

आता टाक्यांमधली फट राहिली होती. ती भरायची युक्ती तिला चुकून सापडली. पॅनलवरचा ऑइलचा डाग निघेना म्हणून तिने नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीतलं पाणी चिंधीवर घेऊन घासलं. डाग निघाला, पण प्लास्टिक चिकट झालं आणि चिंधीचे धागे त्यात रुतून बसले. मंगलने ते बोटाने दाबून पाहिलं. मऊ. थोड्या वेळाने पाहिलं, तर पुन्हा दगडासारखं टणक.

ती तडक उठली. सीटखाली कुणाला दिसत नाही अशा जागी त्याच प्लास्टिकची एक रुंद पट्टी होती. तिचा कडेचा भाग करवतीच्या पात्याने कापला, बारीक तुकडे करून काचेच्या बाटलीत टाकले, वरून नखांच्या बाटलीतलं ते औषध ओतलं, बूच लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत मोरपंखी रंगाची खळ तयार होती. गाडीच्याच अंगाची खळ. ती तिने फटीत भरली. आतल्या बाजूने आधाराला काहीतरी जाळीदार हवं होतं, म्हणून चहाची स्टीलची गाळणी फोडली आणि तिची जाळी तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने प्लास्टिकमध्ये दाबून बसवली.

"माझी गाळणी कुठं हाय?" सासू बायडाबाई चहाचं आधण ठेवून ओरडली.

"गाडीत, आत्या."

"गाडी च्या पिती का तुजी?"

"आज फडक्यानं गाळा. उद्या नवी आणते."

बायडाबाईने फडक्याने चहा गाळला आणि कप घेऊन बाहेर येऊन सुनेचं काम बघत बसली. "हितं जरा उंच राह्यलंय," म्हणाली. मंगलने पॉलिश पेपरने तेवढं उंच घासून काढलं.

दोन दिवस वाळवून, घासून, नारायणगावहून दोन रंगांचे छोटे डबे आणून, ते मिसळून तिने वरून हात दिला. जवळ जाऊन बोट फिरवल्याशिवाय शिवण कळत नव्हती. रखमाजीने लांबून पाहिलं आणि म्हणाला, "नवं बसवलं वाटतं. पैका लई झालाय."

मंगलने त्याचा समज तसाच राहू दिला. खरं तर तिला हायसं वाटलं होतं. दारातली पाटी पुसली गेली होती. पडल्याची खूण उरली नव्हती, बास.

पण ते हायसं वाटणं पुढच्या चैत्रापर्यंतच टिकलं. मंचरला कापडाच्या दुकानासमोर तिने गाडी स्टँडवर लावली होती. आत ती अस्तराचे रंग बघत होती, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. बटाट्याची पोती घेऊन मागे येणाऱ्या एका टेम्पोने उभ्या स्कूटीला धक्का दिला होता. मंगल बाहेर येईस्तोवर टेम्पो हमरस्त्याच्या गर्दीत शिरलाही. या वेळी डाव्या बाजूचं पॅनल फुटलं होतं, आणि पुढचंही एका कोपऱ्यात नव्याने तडकलं होतं. जुनी शिवण मात्र जशीच्या तशी होती. तिने ती रस्त्यात उभ्या उभ्या बोटाने चाचपली.

ती गावात आली. पारावरून हाळी आली, "पाडली का परत?"

"उभ्या गाडीला टेम्पोनं ठोकलं," मंगल म्हणाली.

"आसंल आसंल." आणि सगळे हसले.

तिने दुकानदाराचं नाव सांगितलं, जागा सांगितली, बटाट्याची पोती सांगितली. जितकं सांगावं तितकं त्यांचं हसू वाढत होतं. संध्याकाळपर्यंत खोडदभर झालं की मंगल मंचरच्या भर बाजारात पडली. रखमाजीची बायको लंकाबाई पाणी भरताना हळूच म्हणाली, "ह्ये सांगत व्हते, तू एका म्हाताऱ्याच्या अंगावर घातलीस म्हून."

त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. सकाळी कुंडलिक कामावर गेल्यावर तिने पोतं अंथरलं, दाभण, तार, खळीची बाटली काढली आणि कामाला बसली. चार दिवसांत सगळं शिवून, भरून, घासून झालं; जुन्या शिवणीवरचा रंगही तिने घासून काढला. डाव्या बाजूला बारा टाके पडले होते. तांब्याची तार उन्हात लख्ख दिसत होती.

कुंडलिकने रंगाचे डबे माळ्यावरून काढून दिले. "लाव की रंग."

"न्हाई लावणार."

"का?"

"मी येकदा पडले. येकदा मला ठोकलं. दोन्ही दिसू द्या. लपवलं तवा म्हणले पैका झाला. खरं सांगितलं तर म्हणले खोटं बोलती. आता बघा म्हणावं, मोजा टाके."

कुंडलिकने डबे परत माळ्यावर ठेवले. मग थोडा विचार करून मडक्यातलं चिंचेचं पाणी आणलं आणि तांब्याचे टाके घासून आणखी चकचकीत केले. त्याचं बोलणं हे असं असायचं.

मंगल टाके घातलेल्या गाडीवरून हिंडू लागली. पारासमोर आली की मुद्दाम हॉर्न वाजवायची.

रखमाजीला ते सहन होईना. जत्रेच्या जेवणाला घरी पाहुणे आले होते, ओटीवर पंगत बसली होती. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कुंडलिक, ती गाडी इकून टाक. गावात तोंड दाखवायची सोय राह्यली न्हाई. ठिगळं लावून हिंडती बाई. घराची शोभा चालली."

कुंडलिक मान वर करायच्या आत, आमटी वाढत असलेली मंगल मध्ये उभी राहिली. मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई. पदर आत्ताही डोक्यावरच होता.

"दादा, तुमच्या जीपचा मागचा दरवाजा पाच वर्सं सुतळीनं बांधलेला हाय. येक दिवा न्हाई. मडगार्ड मागल्या दिवाळीत तुमी नारायणगावच्या पुलाला घासलं. तवा तुमाला कुनी म्हणलं का, की रखमाजी पडला, आता त्याला घरात बसवा? माझ्या गाडीला टाके हायेत, पर सुतळी न्हाई. गाडी माझी हाय. इकायची का ठेवायची, ते मी ठरवणार."

 मग बायडाबाईने पाहुण्यांच्या पानात भात वाढायला सुरुवात केली आणि म्हणाली, "जेवा, पावणं. गार व्हतंय."

रखमाजी पानावरून उठला. त्यानंतर दीड वर्ष तो मंगलशी बोलला नाही. लंकाबाईने तिच्याकडे ब्लाउज शिवायचे नाहीत, असंही त्याने फर्मान काढलं. मंगलला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. जाऊ तिची मैत्रीण होती. पण बोलल्याचा पस्तावा तिला एक दिवसही झाला नाही. महिनाभराने बायडाबाईला डोळे तपासायला नारायणगावला जायचं होतं. थोरल्याची जीप दारात उभी असताना म्हातारी सगळ्या आळीच्या देखत मंगलच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली आणि म्हणाली, "चल. हळू घी."

दिसणाऱ्या टाक्यांनी आणखी एक गोष्ट केली. लोक विचारू लागले. सगळ्यात आधी आली ती आरोग्य उपकेंद्रातली नर्स. तिच्या स्कूटीचं मडगार्ड फुटलं होतं. "तुमचं कुणी शिवलं?" तिने विचारलं. "मीच," म्हणून मंगलने तिथेच ते सोडवून घेतलं. मग शाळेतल्या बाई आल्या, मग दूधवाला आला, मग एका टोमॅटो बागायतदाराच्या मोटारीचा बंपर आला. त्या बंपरने मंगलला चांगलंच रडवलं. त्याचं प्लास्टिक औषधात विरघळेच ना. तिने मालकाला स्पष्ट सांगितलं, "हे मला अजून येत न्हाई. आठ दिस द्या, न्हाई जमलं तर हाय तसं परत." आठ दिवस ती वेगवेगळी प्लास्टिकं जाळून वास घेत बसली. शेवटी कळलं की बंपरची जात घरातल्या बादलीशी जुळते. फुटक्या बादलीच्या पट्ट्या कापून तिने त्या तापल्या लोखंडाने बंपरमध्ये वितळवून मुरवल्या. बादली निळी होती, म्हणून शिवणही निळी झाली. बागायतदार म्हणाला, "निळी तर निळी," आणि घेऊन गेला.

मंगलच्या गाडीची शिवण टिकलेली बघून दोन हजार पाचच्या सुमाराला मंचरहून भगवंतही कामं पाठवू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीबरोबर पोत्यात गुंडाळलेलं पॅनल यायचं, शिवून परत जायचं. सहा महिने असंच चाललं. एक दिवस कापड आणायला गेलेली मंगल गॅरेजसमोरून जात होती, तेव्हा भगवंत एका गिऱ्हाइकाला सांगत असलेलं तिच्या कानावर पडलं.

"काळजीच करू नका, सायेब. माझा माणूस हाय खोडदला. फायबरमधला डाक्टर. येक नंबर काम करतो."

मंगलने गाडी स्टँडवर लावली आणि पुढे आली. "भगवंतभाऊ, कोन माणूस?"

भगवंतचा चेहरा पडला. तिला बाजूला घेऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, समजून घ्या. बाईनं केलंय म्हणलं तर गिऱ्हाईक माल देत न्हाई. धंद्याची गोष्ट हाय."

"काम बघून देत्यात का माणूस बघून?"

"आता काय सांगू..."

"सांगू नका. मीच सांगते." ती वळली आणि त्या गिऱ्हाइकासमोर उभी राहिली. "सायेब, तो डाक्टर मी. मंगल माझं नाव. शिवणकाम करते. तुमच्या गाडीचं काम मी करीन, पर माझ्या नावानं करीन. पटत नसंल तर पुण्यावरनं नवीन मागवा."

त्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्यावरच्या टाके घातलेल्या स्कूटीकडे पाहिलं, आणि "बघतो," म्हणून निघून गेला. काम गेलं. भगवंत वैतागला. दुसऱ्या दिवशी मंगलने त्याची घरी असलेली तीन पॅनलं, अर्धवट होती तशीच, पोत्यात बांधून परत पाठवली. वर चिठ्ठी लावली: 'नाव सांगणार असाल तरच पाठवा.'

तीन महिने काही आलं नाही. त्या तीन महिन्यांत मंगलने गणवेश शिवले, बस्त्याचे ब्लाउज शिवले. कुंडलिकने एकदाच विचारलं, "जरा जास्तच ताणलं का?" ती म्हणाली, "न्हाई." विषय संपला.

मग एका सकाळी भगवंत स्वतः आला. त्याच्याबरोबर मोटारसायकलवर एक गिऱ्हाईक होतं, मांडीवर फुटलेलं पॅनल घेऊन. दुसऱ्या कुणाकडून तरी भगवंतने ते जोडून घेतलं होतं आणि ते पंधरा दिवसांत पुन्हा सुटलं होतं. अंगणात उभं राहून, खाली बघत, तो त्या माणसाला म्हणाला, "ह्या मंगलवहिनी. हेच करत्यात आपलं काम."

"बसा," मंगल म्हणाली. "पाणी घ्या. आन् कुठं फुटलंय, ते दाखवा."

भगवंतने पाटी वगैरे काही लावली नाही. पण विचारलं की नाव सांगायला लागला, कधी चाचरत, कधी सरळ. काही गिऱ्हाइकं त्यामुळे परत गेली. बरीचशी गेली नाहीत. अंगणातल्या पोत्याच्या जागी पत्र्याची शेड आली. एका बाजूला शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला बादल्या, बंपर, पॅनलांचे ढीग.

रखमाजी कधी शेडमध्ये आला नाही. पुढे तो तिच्याशी बोलू लागला, पण कामापुरतं. गाडीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि चांगलं म्हणायचं तर तेही त्याने म्हटलं नाही. मंगल त्याची वाट बघत नव्हती.

लंकाबाईने मात्र दोन हजार आठच्या संक्रांतीला, वाण द्यायच्या निमित्ताने शेडमध्ये येऊन, इकडेतिकडे बघून विचारलं, "मला शिकवशील का गं गाडी? माझं वय झालंय तसं."

"दादा काय म्हणतील?"

"म्हणू दे काय म्हणायचं ते. बत्तीस वर्सं ऐकतीय."

कालव्याच्या रस्त्यावर पंधरा दिवस शिकवणी चालली. सोळाव्या दिवशी लंकाबाई एकटीच स्कूटी घेऊन, नाकासमोर बघत, पारावरून गेली. रखमाजीने त्या दिवशी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. लंकाबाईने दोन्ही वेळेला ताट वाढून ठेवलं, झाकलं आणि ब्लाउजचं माप द्यायला मंगलकडे निघून गेली.

तिसऱ्या दिवशी जेवला.